सातचे आबासाहेब

टाकळीकर सरांनी आम्हाला एकही नाटक शेवटापर्यंत वाचून दाखवलं नाही.

राहुरीच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. पाठ्यपुस्तकात नाटकातला एखादाच उतारा असायचा. पण सर पिशवीतून अख्खं नाटक घेऊन यायचे आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला वाचायला लागायचे. राजाचा आवाज वेगळा, दासीचा वेगळा. दूताचा आवाज तर असा काढायचे की ती वाईट बातमी आपल्याच दारात आली आहे असं वाटावं. आम्ही बहुतेक पोरं वस्त्यांवरून सायकली हाणत आलेली. घरात छापील असं काही असलं तर पंचांग आणि कारखान्याचं कॅलेंडर. तरी त्या तासाला कुणी खिडकीबाहेर बघत नसे.

शेवटचा अंक रंगात आला की सर थांबायचे. पुस्तक मिटायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे.

"सर, पुढं?"

"पुढचं तुम्ही वाचा."

"सर, एवढं तरी सांगा, मरतो का तो?"

"शेवट एकट्याने वाचायचा असतो," सर म्हणायचे. "घोळक्यात ऐकला की माणूस शेजारच्याकडे बघतो, तो रडतोय का ते. मग आपल्याला काय झालं ते कळतच नाही."

ग्रंथालयात त्या नाटकाची एकच प्रत असायची. पोरं पाळी लावायची. माझी पाळी आली तेव्हा मी ती शेवटची पानं कालव्याच्या कडेला, बाभळीखाली बसून वाचली आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. आई गाईंसाठी घास कापून भारा घेऊन येत होती. तिने विचारलं, "काय गं, कोन गेलं?"

"राजा गेला, आई."

आईने क्षणभर भावकीतली सगळी घरं मनात फिरून बघितली असावीत. मग म्हणाली, "आपल्यातला न्हाई ना? मग ऊठ, भाऱ्याला हात लाव."

मी हे दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आईने बरोबर केलं. रडून झाल्यावर भारा उचलावाच लागतो. फक्त आधी रडून घ्यावं."

सर उंच होते आणि थोडे वाकून चालायचे, जणू प्रत्येक दार आपल्यापेक्षा ठेंगणं असणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पांढरा शर्ट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेली क्लिप, आणि ती क्लिप काढायची विसरून तसंच वर्गात येणं. कविता शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी फक्त म्हणायची. पाठ असायची, पुस्तक हातात नसायचं. कुणी अर्थ विचारला तर, "आज ऐक. अर्थ कुठे पळून जात नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची. तिसऱ्या दिवशी अर्थ सांगायला लागले की आमच्यातलंच कुणीतरी आधी सांगून टाकायचं, आणि सर खडू खाली ठेवायचे. "झालं माझं काम."

त्यांचं घर शाळेपासून जवळच होतं, दोन खोल्या आणि पुढे तारेचं कुंपण. वह्या पोचवायला आम्ही मुली जायचो. सरांची सायकल आली, फाटकाची कडी वाजली, की आतून काकूंचा आवाज यायचा, "आलात?"

बस, एवढंच. सर उत्तर द्यायचे नाहीत. चप्पल काढायचे, आणि चहाचं आधण आधीच चढलेलं असायचं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला खमक्या. सर आम्हाला एखाद्या ओळीची थोरवी सांगत बसले की आतून म्हणायच्या, "अहो, पोरी भुकेल्या आहेत. ओळ उद्याही तिथेच राहील." आणि आमच्या हातावर लाडू यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. रात्री काय, दिवसा काय, त्या सरांबरोबरच जेवायच्या. सरांना शाळेत कितीही उशीर झाला तरी दोन ताटं झाकून बसायच्या.

घरात टीव्ही नव्हता. सरांचा टीव्हीवर राग होता, आणि त्यातही रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकांवर. "नाटकाला पडदा असतो," ते म्हणायचे. "मालिकेला नुसता उद्या असतो. ज्या गोष्टीला संपायची हिंमत नाही, ती गोष्टच नव्हे." काकू यावर काही बोलायच्या नाहीत. पण शेजारच्या शिंदेवहिनींकडे विरजण आणायला म्हणून जायच्या आणि बऱ्याच वेळाने यायच्या, हे आम्हा मुलींना ठाऊक होतं. बहुधा सरांनाही होतं.

माझ्या बारावीनंतर सर आमच्या वस्तीवर आले होते. मला नगरला कॉलेजात घालावं हे सांगायला. संध्याकाळची वेळ, घरातली सगळी माणसं टीव्हीपुढे. वडिलांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हात जोडून म्हणाले, "सर, जरा जाहिरात लागू द्या. मंग निवांत बोलू."

सर बसले. समोर पडद्यावर एक बाई जिन्यावर उभी राहून तीनदा मान वळवत होती. थोड्या वेळाने सरांनाच राहवलं नाही. "ही बाई मेली म्हणून मघाशी फोटोला हार घातलेला दाखवला ना?"

"न्हाई मेली, सर," माझी आजी म्हणाली. "डोस्क्याला मार लागला तिच्या. वळख गेली. नवऱ्यालाबी वळखत न्हाई आता."

"ओळख गेली!" सर म्हणाले. "फारच सोयीचं झालं. लेखकाला पुढचं वर्षभर काळजी नको."

आजीला ते लागलं. "तुमाला काय ठावं, सर. व्हतं असं मान्साचं."

जाहिरात लागली. सरांनी तेवढ्यात माझे गुण, एसटीचा पास, मुलींचं वसतिगृह, सगळं सांगून टाकलं. वडिलांनी मान हलवली. मालिका पुन्हा सुरू व्हायच्या आत माझं कॉलेज ठरलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आज मी सुप्याला एका कारखान्याच्या ऑफिसात बसते, पगार घेते, फावल्या वेळात वाचते, चार ओळी लिहिते. हे सगळं एका जाहिरातीच्या वेळेत झालं, असं मी म्हणते. खरं तर ते एका माणसामुळे झालं, ज्याने माझ्यासाठी आपल्याला नको असलेली मालिका बसून बघितली.

सर निवृत्त झाले. मी सुट्टीला राहुरीला आले की त्यांच्याकडे जायचे. आधी जाणवलं ते एवढंच की काकू एकच गोष्ट पुन्हा सांगतात. मग चहात मीठ पडलं. मग एकदा लाडवाच्या डब्यात चिल्लर सापडली आणि आम्ही हसलो, काकूही हसल्या. त्यानंतर मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही.

एका सकाळी सर दूध घेऊन परत आले तर काकू दारात उभ्या. "आपण कोण?"

"मी. टाकळीकर."

"ते शाळेत गेलेत. संध्याकाळी या."

सर मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज अगदी सरळ होता. दूताचा आवाज त्यांनी आयुष्यभर काढला होता, पण तेव्हा काढला नाही. म्हणाले, "मी खरंच बाहेर गेलो, सविता. फाटकापाशी जरा उभा राहिलो. मग कडी वाजवून पुन्हा आत आलो. वाटलं, कडीचा आवाज तरी ओळखेल."

हे ते रोज करू लागले. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला उगाच बाहेर जायचं, कडी वाजवायची, आत यायचं, उंबऱ्यात थांबायचं. काकू कधी पाहुण्याला द्यावं तसं पाणी द्यायच्या, कधी दार लावून घ्यायच्या. "मला दुसरं काही नको," सर एकदा म्हणाले. "एकदा 'आलात?' म्हणू दे. मग विसरली तरी चालेल."

त्यांनी कविता म्हणून बघितल्या, लग्नानंतर काकूंना म्हणून दाखवलेल्या. काकू पदर सावरून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "छान म्हणता हो तुम्ही. आमच्या ह्यांनाही आवडतात." नाटकाचे उतारे वाचले. राजा मोठ्याने ओरडल्यावर त्या घाबरल्या. सरांनी पुस्तक फळीवर ठेवून दिलं.

आणि त्या जेवेनाशा झाल्या. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार औषधाने मागे फिरणार नाही, जेवण तेवढं सांभाळा. तेच सांभाळता येईना. सर घास पुढे करायचे आणि त्या परक्या पुरुषाच्या हातून कसं खायचं म्हणून तोंड फिरवायच्या. गाल बसले. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

मार्ग सापडला तो शिंदेवहिनींकडे. उसाचं आणि गाईंचं घर, तोंडाने फटकळ बाई. त्या एका संध्याकाळी काकूंना आपल्याकडे घेऊन गेल्या आणि तासाभराने कुंपणावरून ओरडल्या, "सर! अहो सर! काकू दोन भाकरी जेवल्या बगा! आबासाहेबांनी सुनंला घरात घेतलं आन् काकूंनी घास घेतला!"

आबासाहेब म्हणजे सात वाजता लागणाऱ्या मालिकेतले कर्ते पुरुष. त्यांची विधवा बहीण आत्याबाई, त्यांची सोशीक सून. काकूंना नवरा ओळखू येत नव्हता, पण आबासाहेब येत होते. पडद्यावर ते दिसले की त्यांचा चेहरा घरचं माणूस आल्यासारखा व्हायचा आणि हात आपोआप ताटाकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरात टीव्ही आला. पुढची दोनेक वर्षं ते रोज सात वाजता काकूंच्या शेजारी बसून ती मालिका बघत होते. मी गेले की गंभीरपणे सांगायचे, "आत्याबाईंनी दागिने लपवले आहेत. सुनेवर आळ येणार." मी हसू दाबायचे. ते म्हणायचे, "हस. पण तिने वरण-भात संपवला आज."

मग मालिका संपली. कशी, तर एका भागात सगळे एकत्र उभे राहून हसले आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या वेळेला गाण्याची स्पर्धा लागली. काकूंनी थोडा वेळ त्या गाणाऱ्या मुलांकडे बघितलं आणि ताट सारलं. मी जुने भाग शोधून लावून दिले. काकू म्हणाल्या, "हे झालंय." दुसरा भाग लावला. "हेही झालंय." नवऱ्याला विसरलेल्या काकू झालेला भाग मात्र विसरत नव्हत्या. हे कसं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. "सविता, सुट्टीला ये. एक काम आहे. साहित्याचंच म्हणायला हवं."

मी गेले तर सर बंद टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खांद्यावर तांबडी शाल, हातात त्यांच्या वडिलांची काठी. सात वाजले. काकूंनी काळ्या पडद्याकडे बघितलं, मग बाजूच्या माणसाकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. आणि पदर सावरून म्हणाल्या, "आले आबासाहेब."

पण पहिला भाग पडला. सरांनी आबासाहेबांच्या तोंडी घातलेलं भाषण फार सुंदर होतं. कुलाचार, काळ, माणसाचं एकटेपण. काकू बराच वेळ ऐकून शेजारी बसलेल्या शिंदेवहिनींना म्हणाल्या, "आज ह्यांचं काही बिनसलंय का? सभेत बोलल्यासारखं बोलतायत." आणि उठून गेल्या.

"लई जड झालं, सर," शिंदेवहिनींनी निकाल दिला. "आबासाहेब आसं कुटं बोलत्यात? ते म्हनत्यात, 'हे मी चालू देणार नाही.' मंग गप बसत्यात. मंग पुन्ना म्हनत्यात, 'हे मी चालू देणार नाही.'"

"एकच वाक्य दोनदा?"

"तीनदा. आन् मधी ढ्यँऽण्ण करून वाजतं."

मग वहिनींनी उलथन्याने पितळी ताटलीवर ढ्यँऽण्ण वाजवायचं आणि मी सुट्टीच्या दिवशी सून व्हायचं असं ठरलं. एरवी सून माहेरी गेलेली असायची. सर शिकले. वाक्यं आखूड झाली. तीनदा मान वळवायला ते शिकले, तेव्हा मला आमच्या घरच्या टीव्हीतली ती जिन्यावरची बाई आठवली आणि मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले. काकू जेवत होत्या. रोज एक भाग, रोज एक ताट. एकदा काम झाल्यावर शाल घडी करता करता सर म्हणाले, "घरात माणसं खरंच एकच वाक्य तीनदा बोलतात, सविता. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घरात पुस्तक वाचत असायचो."

चूक झाली ती पावसाळा सरताना. मला वाटतं, ती सरांच्या जातीचा माणूसच करू शकतो. इतके महिने गोष्ट पुढे रेटून त्यांच्यातला शिक्षक अस्वस्थ झाला होता. आत्याबाईंनी किती कारस्थानं करायची? आबासाहेबांनी किती वेळा क्षमा करायची? "याला शेवट हवा," ते म्हणाले. "निदान एका पात्राला तरी." आणि त्यांनी आत्याबाईंचा मृत्यू लिहिला.

मी त्या दिवशी सून होते. आत्याबाई आतल्या खोलीत अंथरुणावर आहेत असं धरायचं. आबासाहेब त्यांच्याशी दारातून बोलतात, सगळे अपराध पोटात घेतात, आणि बोलता बोलता पलीकडून उत्तर येणं बंद होतं. आबासाहेब मग काठी भिंतीला टेकवून ठेवतात. एवढंच. वहिनी ताटली वाजवायच्या विसरल्या. मी शाळेतल्या त्या शनिवारांनंतर असं काही ऐकलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या जेवत होत्या, सगळं ताट जेवल्या. सर मला बाहेर सोडायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? दुःख नीट मांडलं की माणसाला ते पेलतं. खोट्या आशेपेक्षा हे बरं."

मी त्या रात्री वस्तीवर आईकडेच राहिले होते. सकाळी वहिनींचा फोन आला. "तू ये बाय. काकूंनी इपरीत मांडलंय."

काकूंनी पहाटे डोक्यावरून गार पाणी घेतलं होतं. भिंतीशी, जमिनीवर, ओल्या केसांनी बसल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या तर म्हणाल्या, "गॅस पेटवू नका. आत्याबाई गेल्या. घरात सुतक आहे." मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, हे त्या विसरल्या नव्हत्या. वहिनींनी आपल्या घरून पिठलं-भाकरी आणली. काकू तिलाही शिवल्या नाहीत. "हे शाळेतून आल्याशिवाय कशी जेवू? त्यांना कळवलंय का कुणी?"

सर समोर बसून होते. "अगं, ते नाटक होतं. मी लिहिलेलं."

"तुम्ही बाहेर बसा," काकू त्यांना म्हणाल्या. "घरात दुःख आहे."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत मान धरवेना. सात वाजले तेव्हा सर अंगणात उभे होते. शाल अंगावर, पण आत जायचा धीर होत नव्हता. मी आणि वहिनी फाटकाशी.

"वहिनी," सर म्हणाले, "आत्याबाई परत आल्या पाहिजेत."

"मेलेल्या?"

"मेल्या नव्हत्या. दुसऱ्याच कुणाला तरी..." ते अडखळले. "आत्याबाईंच्या डोक्याला मार लागला होता. ओळख गेली होती. आता परत आली." हे शब्द आपण कुठे ऐकले होते हे मला आठवलं. सरांनाही आठवलं असणार; ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आन् आत्याबाई कोन?"

"तुम्ही."

"आवो, त्या पुन्याच्या बोलत्यात! मला कुटं येतंय तसं?"

आमचा एकेक उच्चार तासभर घासून घेणारे टाकळीकर सर म्हणाले, "कसंही बोला. तिला जेवू दे."

वहिनी डोक्यावर पदर घेऊन आत गेल्या. काकूंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, म्या हाय. म्या मेले न्हाई. वळख गेल्ती माजी." काकूंनी हात पुढे करून त्यांचा गाल चाचपला. कपाळ चाचपलं. मग एकदम रागावून म्हणाल्या, "असं जातात का न सांगता? किती वाट बघायची माणसाने?" वहिनींना खरंच रडू फुटलं. त्यांनी पिठल्यात भाकरी कुस्करली आणि काकूंनी घास घेतला.

सर अंगणातच होते. खिडकीतून बघत होते. मी जवळ गेले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "मी या लोकांना फार हसलो, सविता. मेलेली माणसं परत आणणाऱ्यांना. त्यांच्याही घरी कुणीतरी ताट सारून बसलेलं असेल."

त्यानंतर सरांच्या गोष्टीत कुणी मेलं नाही. कुणी फार आजारीही पडलं नाही. दागिने हरवायचे आणि सापडायचे. आबासाहेब म्हणायचे, हे मी चालू देणार नाही, आणि सगळं चालू राहायचं. नाटकाला पडदा असतो हे वाक्य मी सरांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. पण त्यांना एक गोष्ट खात होती, ती मला हळूहळू कळली. शाळा सुटायच्या वेळेची ती कडी आता वाजत नव्हती. रोजचा भाग लिहायचा, सातला शाल घेऊन तयार राहायचं म्हटल्यावर बाहेर जाऊन येणं जमेना. आणि एकदा दोन्ही केलं तेव्हा काकू घाबरून दोन वेगळे पुरुष घरात शिरल्यासारख्या बघायला लागल्या. आबासाहेब रोज येत होते, म्हणून टाकळीकर मास्तर घरी येतच नव्हते. काकूंना जेवू घालायचं तर त्यांनी बाहेरच राहायला हवं होतं.

थंडीत एका सुट्टीला मी गेले होते. भाग संपत आला होता. काकू आता उशीला टेकून बसत, मऊ भात खात. त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि सरांकडे वळल्या.

"आबासाहेब, एक विचारू?"

"विचारा, वहिनी."

"तुमची गावात उठबस असते. आमचे हे अजून आले नाहीत शाळेतून. वाटेत दिसले तर एवढं सांगाल का..." त्या थांबल्या. शब्द शोधत होत्या. "मी रोज त्यांच्याआधी जेवते हल्ली. भूक धरवत नाही. रागावू नका म्हणावं."

शिंदेवहिनींच्या हातात उलथनं तसंच राहिलं. मी सरांच्या हाताकडे बघत होते. तो हात शालीपर्यंत गेला. खांद्यावरून ती निम्मी सरकली, आतला पांढरा शर्ट दिसला. मला वाटलं, आता हे सांगणार. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, एखाद्या भल्या शेजाऱ्याकडे बघावं तसं. ताटात थोडा भात उरला होता.

सरांनी शाल पुन्हा वर ओढली.

"सांगतो, वहिनी," ते म्हणाले. "ते रागावणार नाहीत. तुम्ही जेवा."

काकूंनी उरलेला भात संपवला.

उन्हाळ्यात काकू गेल्या. दुपारी, झोपेत, कुणाला न उठवता. मी सुप्याहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवशी चूल खरीच विझलेली होती. वहिनींनी पुन्हा पिठलं-भाकरी आणली आणि सरांनी ती निमूटपणे खाल्ली. रडले नाहीत. भेटायला आलेल्या माणसांशी ते अगदी थोडं, पण नीट बोलत होते.

तेरावा झाल्यावर, नातेवाईक पांगल्यावर मी पुन्हा गेले. संध्याकाळ होती. वहिनी स्वयंपाकघरात सरांचं ताट वाढत होत्या, मी पापड भाजत होते. सर टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसलेले. सात वाजत आले तसे ते उठले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना वाटलं, ते आता शाल घेणार. त्यांनी शाल घेतली, पण तिची नीट घडी केली आणि टीव्हीवर ठेवली. काठी भिंतीला टेकवली. चपला घातल्या आणि बाहेर गेले.

फाटकाची कडी वाजली.

सर आत आले. उंबऱ्यात थोडे वाकून उभे राहिले, दार ठेंगणं असल्यासारखे, आणि तसेच थांबले. मधल्या दारातून मला त्यांची एक बाजू दिसत होती. पँटला सायकलची ती क्लिप लावलेली होती. सायकल तर त्यांनी कधीच देऊन टाकली होती.

वहिनींचे ओठ हलले. त्यांच्या तोंडाशी काय आलं होतं ते मला माहीत होतं. माझ्याही तेच आलं होतं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. सरांनीच आम्हाला शेवट एकट्याने वाचायला शिकवलं होतं. आम्ही दोघी भिंतीच्या आड सरकलो आणि ते चपला काढेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.